गोधडीला नेफा

लिंकन (नेब्रास्का), ऑक्टोबर

"गोधडीला बाही? तिला हात कुठे आहेत?" आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली. तळोज्यात सकाळचे साडेसात वाजले होते, इथे आदल्या रात्रीचे नऊ. क्विल्ट भिंतीवर टांगायची तर तिच्या पाठीला वरच्या कडेशी कापडाची एक लांबट नळी शिवतात, नळीतून काठी जाते आणि त्या नळीला इथे 'स्लीव्ह' म्हणतात, हे मी तिला बराच वेळ समजावत होते. शेवटी कॅमेरा उलटा करून दाखवलं. "मग नेफा म्हण ना! परकराला असतो तसा. नाडीच्या जागी काठी." विषय संपला.

तर या महिन्यात मी आजीच्या गोधडीला नेफा लावला. इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं आणि "तुमच्याकडची एखादी आणा की" असा आग्रह होता. अशी मंडळं इथे गावोगावी असतात. त्यांना गिल्ड म्हणतात. महिन्यातून एकदा चर्चच्या नाहीतर वाचनालयाच्या सभागृहात जमायचं, नवं काही शिवलं असेल ते उलगडून दाखवायचं, कॉफी प्यायची. आपल्या भिशीसारखंच, फक्त पैशांऐवजी कापडाचे तुकडे फिरतात. शेतकी जत्रांमध्ये लोणच्या-मुरंब्यांच्या आणि बैलांच्या जोडीला क्विल्टची स्पर्धा असते. पहिल्या नंबराला निळी फीत, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पांढरी. निळ्या फितीसाठी एरवी गोड बोलणाऱ्या आज्या एकमेकींच्या कोपऱ्यांची टोकं जुळलीत का हे चष्मा पुढे ओढून बघतात.

आमचं लिंकन तर या बाबतीत पंढरपूरच. इथल्या विद्यापीठात इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे. आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने १९९७ मध्ये आपल्या साडेनऊशेच्या आसपास क्विल्ट देऊन टाकल्या, त्यातून ते उभं राहिलं. स्वतंत्र इमारत २००८ मध्ये झाली. आत उजेड इतका मंद की सुरुवातीला डोळे चाचपडतात. कापडाला उजेड बाधतो म्हणून दिवे साधारण ५० लक्सवर ठेवतात, आणि काही महिने टांगलेली क्विल्ट उतरवून पुन्हा अंधारात विश्रांतीला पाठवतात.

पण हा थाट पूर्वीपासूनचा नाही. क्विल्ट हे इथेही मुळात थंडीचं आणि गरिबीचं पांघरूण. १९३० च्या दशकातल्या मंदीत पिठाच्या आणि कोंबडीखाद्याच्या गोण्या फुलाफुलांच्या कापडाच्या यायच्या, कारण रिकामी गोणी घरी शिवणात जाते हे कंपन्यांना ठाऊक होतं. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या बायका शेतात घालून विरलेल्या पँटींच्या, शर्टांच्या क्विल्ट शिवत. पांघरूण भिंतीवर गेलं ते प्रामुख्याने १९७१ नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी क्विल्ट आधुनिक चित्रांसारख्या टांगल्या आणि लोक पलंगावरची वस्तू मान वर करून बघायला लागले. होल्स्टीन यांचा तो संग्रह आता आमच्या लिंकनमध्येच आहे. जीज बेंडच्या क्विल्टही २००२ मध्ये म्युझियमात पोचल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. त्या शिवणाऱ्यांची नावं क्विल्टबरोबर पोचली, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

प्रदर्शनाचा फॉर्म आला तेव्हा हेच नावाचं प्रकरण मला आडवं आलं. तुकडे कोणी जोडले, टाके कोणी घातले, साल कोणतं, नमुन्याचं नाव काय. आजीचं नाव लिहिलं, पण आडनावापाशी थबकले. गोधडी निम्मी माहेरच्या लुगड्यांची आणि निम्मी सासरच्या. सालाबद्दल आई म्हणाली, "तू रांगत होतीस." म्हणजे १९८६. नमुन्याच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. ते चुकलंच. काठापासून सुरू करून चौकटीत चौकट आत आत येणारा धावदोरा हा नमुना नाही तर काय!

त्यापुढचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. नेफा लावायचा वरच्या कडेला, पण गोधडीला वरची कड कुठली? आणि तो शिवायचा पाठीला, पण गोधडीला पाठ कुठली? इथल्या क्विल्टला तोंड असतं, अस्तर असतं, मधे कापसाचा पातळ थर असतो. आजीच्या गोधडीत मधेही लुगडीच आणि धोतरं, पाच-सहा थर, दोन्हीकडून तोंडच. मी ती कॅमेऱ्यासमोर धरून गोल फिरवत होते. आई म्हणाली, "थांब. तो तेलाचा डाग दिसतोय ना, ती डोक्याकडची बाजू." आजोबांच्या केसांचं खोबरेल. आजोबा गेले, तळोजे पांचनंदचं घर गेलं, सिडकोच्या इमारतीतल्या घरात आई राहायला आली, पण वर-खाली त्या डागाने सांभाळून ठेवलं होतं. पुढची बाजू आईनेच ठरवली, हिरव्या लुगड्याची.

आता कृती. गोधडी चोपन्न इंच रुंद. गिल्डमधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी मला मस्लिन आणायला सांगितलं. मलमलीसारखं काही असेल म्हणून दुकानात शोधत राहिले, तर निघाला आपला मांजरपाट. नऊ इंचांची पट्टी कापली, दोन्ही टोकं दुमडून शिवली, ती बावन्न इंच भरली. मग लांबीत दुमडून नळी केली, चपटी चारेक इंचांची. हे चार इंच जवळपास साऱ्या प्रदर्शनांच्या नियमात असतात, कारण टांगणाऱ्यांच्या काठ्या त्या मापाच्या. नळी कडेपासून अर्धा इंच खाली टाचायची. खरी गोम यापुढे आहे: नळी गोधडीवर सपाट ताणून शिवायची नाही. बाहेरच्या अंगाला अर्धा इंच झोळ ठेवायचा. काठीची जाडी त्या झोळात मावते. झोळ नसेल तर काठी गोधडीला पुढे ढकलते आणि समोरून आडवा फुगा दिसतो. नळीची वरची आणि खालची अशा दोन्ही कडा हाताने शिवायच्या, टाक्याने पुढच्या तोंडाला न दिसता मधले थर धरले पाहिजेत. म्हणजे वजन दोन-चार टोकांवर न येता सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. टोकांना चिमटे लावून टांगलेलं जुनं कापड तिथेच फाटतं.

माझं एका जागी फाटलंच. सुई ओढली आणि धोतराचा विरलेला थर बोटभर उसवला. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, ठिगळ लाव, ठिगळ हा काही गुन्हा नाही. मांजरपाटाचं लावलं. आजीच्या हातची सात ठिगळं आधीच होती, हे आठवं.

टांगल्यावर लोक थांबले, हे खरं. एकीने विचारलं की हे थर कोणत्या दुकानातून आणता? वापरलेलं कापड, एवढंच उत्तर मी दिलं. इथे आता बहुतेक क्विल्ट वारावर विकत घेतलेल्या कोऱ्या कापडाच्या असतात. कोरं कापड कापून तुकडे करायचे आणि तेच तुकडे जोडत बसायचं, हे आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसला नाही. "मग फाडलं कशाला?" हा प्रश्न मी अजून कोणाला भाषांतर करून विचारलेला नाही.

तळोज्यात गोधडी टांगायची म्हणजे गॅलरीच्या कठड्यावर, पावसाळा सरल्यावर, दिवसभर. रात्री एमआयडीसीकडून वास आला की आई ती घाईने आत ओढते. २०१७ मध्ये कासाडी नदीच्या पाण्यातल्या रंगाने तळोज्यातली कुत्री निळी झाली होती, तेव्हापासून तिचा तिथल्या हवापाण्यावर काडीचा भरवसा नाही. सोसायटीने कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत अशी नोटीस लावलीय. ती गोधडीला लागू नाही असं आईने परस्पर ठरवून टाकलंय.

प्रदर्शन संपलं. काठी परत केली, नेफा तसाच ठेवला, गोधडी पलंगावर आली. इथे क्विल्टच्या मागे एका कोपऱ्यात कापडी चिठ्ठी शिवतात: नाव, गाव, साल. ती मी लावली. आजीचं नाव, तळोजे, १९८६. आडनाव लिहिलंच नाही.

आता वाचकांकडे एक काम. आईने तिच्या सहा सुती साड्या बाजूला काढून ठेवल्यात, पण तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. तळोजे, खारघर, पनवेल या भागात हाताने धावदोरा घालून गोधडी शिवून देणाऱ्या कोणी बाई असतील तर संपादकांकडे कळवा. जानेवारीत तीन आठवडे येते आहे. मजुरी त्या म्हणतील ती. नेफा मी इथे आल्यावर लावीन.