लघवी गळते, हे दोन शब्द

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी चालू असते. एखादीला शिंक येते आणि ती पटकन पाय जुळवून उभी राहते. शेजारणीला कारण कळतं, पण ती विचारत नाही. याच बायका मंचरला दवाखान्यात येतात तेव्हा गुडघे दाखवतात, कंबर दाखवतात आणि ही तक्रार तेवढी सांगायची टाळतात. मग उपाय ठरतात ते ऐकीव गोष्टींवर.

गैरसमज : बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे चालायचंच.
वस्तुस्थिती : पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांनी ती सैल पडते; मग खोकताना, हसताना, पाटी उचलताना गळतं. पण स्नायू कमावता येतो. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात अशी गळती असलेल्या आणि व्यायाम केलेल्या ५६ टक्के स्त्रियांनी बरं झाल्याचं सांगितलं. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. अचानक जोराची लागून मोरी गाठेपर्यंत गळणं हा वेगळा प्रकार. त्यात व्यायामासोबत लघवीच्या दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवायला शिकवतात, गरज पडल्यास औषधही देतात.

गैरसमज : पिशवी काढली की कटकट मिटेल.
वस्तुस्थिती : आपण दोन्हींना पिशवीच म्हणतो, घोटाळा तिथेच होतो. गळते ती लघवीची, काढतात ती गर्भाची. गर्भपिशवी काढणं हा गळतीवरचा उपचार नाही.

गैरसमज : दिवसभर वावरात राबते, वेगळा व्यायाम कशाला?
वस्तुस्थिती : ओझं उचलताना पोटातला दाब झोळीवर येतो. त्याने ताण बसतो, बळ येत नाही. व्यायाम असा : वारा आणि लघवी एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. काही आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग तेवढाच वेळ सैल सोडायचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. शिंकण्याआधी, क्रेट उचलण्याआधीही आवळून घ्यायचं. लघवी करताना धार तोडण्याचा रोज सराव मात्र करू नये. पिशवी नीट रिकामी होत नाही.

गैरसमज : मशीन लावलं की आपोआप बरं होतं.
वस्तुस्थिती : बायोफीडबॅकचं मशीन फक्त दाखवतं. योनीत ठेवलेला छोटा सेन्सर किंवा त्वचेवरच्या पट्ट्या स्नायूची हालचाल टिपतात. आवळलं की पडद्यावरची रेघ वर चढते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हाही दाब मोजणारं उपकरण वापरलं होतं. हा स्नायू डोळ्यांना दिसत नाही आणि कित्येक जणी आत ओढण्याऐवजी कुंथतात; ही चूक त्या रेघेवरून कळते. पण ब्रिटनमधल्या ६०० स्त्रियांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी नुसता शिकवलेला व्यायाम आणि मशीनसह व्यायाम यांत फरक आढळला नाही. जाणकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट बोटाने तपासूनही स्नायू बरोबर आवळतो का ते सांगू शकतात. मशीन नाही म्हणून व्यायाम अडत नाही.

गैरसमज : पाणी कमी प्यायलं की भागतं.
वस्तुस्थिती : वावरात आडोसा नसतो म्हणून बायका तहान मारतात. त्याने लघवी गडद होऊन पिशवीला चुरचुरते, शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि झोळी आणखी सैलावते. पाणी तहानेप्रमाणे प्यावं. कमी करायचाच तर चहा करावा.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर येणं किंवा बाळंतपण अथवा ऑपरेशननंतर सतत ठिबकणं, यांपैकी काही असेल तर व्यायामावर न थांबता आधी डॉक्टरांना दाखवावं. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात गुडघ्यासाठी जाल, तेव्हा उठण्याआधी एवढंच सांगा : लघवी गळते. पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील.