चिमटीतलं काळीज

मटणाच्या दुकानात ‘काळीज’ मागितलं की खाटीक यकृतच तोलून देतो. जिवंत माणसाच्या यकृतातून मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त खेळत असतं. तिथं सुरी चालवायची तर आधी हा ओघ थांबवायला हवा. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली त्याची युक्ती लिहून ठेवली. यकृताची रोहिणी आणि आतड्यांकडून येणारी मोठी शीर एकमेकींना लागूनच असतात. दोन्ही अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायच्या, बस्स! आज बोटांऐवजी क्लॅम्प किंवा फीत असते. ती आवळली की लालबुंद यकृत बघता बघता काळवंडतं.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. रक्त सोडलं की रंग परततो, आणि घाव नेमका तेव्हाच खोल होतो. रक्त बंद असताना पेशींच्या मायटोकाँड्रियात सक्सिनेट नावाचं इंधन न जळता साचत राहतं. ऑक्सिजन येताच ते एकदम पेट घेतं. इलेक्ट्रॉनांचा काही ओघ उलटा फिरतो, त्यातून अतिदाहक ऑक्सिजन तयार होतो आणि पेशीची आवरणं पोळून काढतो. यकृतातल्या पहारेकरी पेशी खवळतात, पांढऱ्या पेशींना हाकारतात, बारीक वाहिन्या सुजतात. ज्याची वाट पाहिली, त्यानंच जाळलं.

मग उपाय काय? थोडी उपासमार आधीच सोसायला लावायची! १९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कुत्र्यांच्या हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा चार वेळा पाच-पाच मिनिटं रोखून, मग सलग चाळीस मिनिटं बंद ठेवला. नुकसान एरवीच्या चौथाईवर आलं. सरावलेली पेशी तग धरते, हे यकृतातही दिसलं. शस्त्रक्रियेत तर पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं मोकळं, अशी पाळी लावायची पद्धतच आहे.

प्रत्यारोपणासाठी काढलेलं यकृत मात्र बर्फातल्या पेटीत तासन्‌तास उपाशी असतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यासाठी यंत्र केलं. त्यात अंगाइतक्या उबेचं, ऑक्सिजन भरलेलं रक्त यकृतात खेळत राहतं. असं जपलेलं यकृत २०१३ साली लंडनमध्ये रुग्णाला बसवलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, रक्तातल्या एन्झाइमवरून मोजलेली इजा बर्फातल्या यकृतांच्या निम्म्यावर दिसली.

शरीर नाही, पोट नाही, पचवायला घासभर अन्न नाही. तरी यंत्रातल्या त्या यकृताला जोडलेल्या नळीतून सोनेरी-तपकिरी पित्त थेंब थेंब उतरत असतं.