संगणकाचे कुलूप आणि वेळेवरची डागडुजी



अमरावती-अकोल्याकडचा कास्तकार आता सातबारा मोबाइलवर काढतो. उसाची नोंद, काट्याचे वजन, बिलाचा हिशेबही संगणकावर आला. ही माहिती वाटेत कोणी वाचू नये म्हणून सांकेतिक करून पाठवतात. त्यासाठी जगभरचे असंख्य सर्व्हर, म्हणजे माहिती पुरविणारे मुख्य संगणक, 'ओपन-एसएसएल' ही मोफत प्रणाली वापरतात. हेच ते कुलूप. पण कुलूपच अडून बसले तर? २०२२ साली असा एक दोष सापडला. तो आपण समजून घेऊ.

दोन संगणक बोलू लागण्यापूर्वी एक दुसऱ्याचे प्रमाणपत्र वाचतो. त्यात कधी कधी खास प्रकारचे वर्गमूळ काढावे लागते. त्यासाठी दिलेली संख्या ७, ११, १३ सारखी मूळ संख्या हवी. कोणी मुद्दाम भलतीच संख्या घातली, तर कागद परत करण्याऐवजी संगणक घाण्याच्या बैलासारखा फिरतच राही. शिवाय सही खरी की खोटी हे पाहण्याआधीच हे गणित सुरू होई. त्यामुळे बाहेरची प्रमाणपत्रे स्वीकारणाऱ्या सर्व्हरपुढे खोटा कागद धरला तरी पुरे.

काट्याचेच पाहा ना. एका खोट्या चिठ्ठीत कारकून गुंतला, तर मागे बंड्यांची रांग लागते. कांडेही चोरीला जात नाही, पण तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घसरतो. या दोषातही माहितीची चोरी नव्हती; काम मात्र ठप्प होऊ शकत होते.

गूगलचे टॅव्हिस ऑर्मंडी यांनी २४ फेब्रुवारी २०२२ रोजी हा दोष कळविला. १५ मार्चला ३.०.२ आणि १.१.१एन या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. जुन्या १.०.२ ची मोफत दुरुस्ती मात्र २०१९ अखेरच बंद झाली होती. ती वापरणाऱ्यांना पैसे भरून करार केला असेल तरच दुरुस्ती मिळाली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये १.१.१ चीही तीच गत झाली.

आमचे सांगणे एवढेच, की दुरुस्ती निघाली म्हणजे आपल्या संगणकात बसली असे नव्हे. दोष जाहीर झाला की तो भामट्यालाही कळतो. वावरात कीड दिसल्यावर आपण फवारणी पुढच्या महिन्यावर ढकलतो काय? नवी आवृत्ती बसविल्यावर ती वापरणारे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात. नाहीतर आत जुनेच चालू राहते. अशा दोषांच्या सूचना भारत सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था देत असते.

संगणकाचे काम कंत्राटदाराकडे असले तरी सभासदांनी सभेत तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : आवृत्ती कोणती? शेवटची दुरुस्ती कधी बसविली? संगणक अडला तर काट्यावर हाताने पावती देण्याची सोय आहे काय? आणि वजनाची पावती बिल हाती पडेपर्यंत घरी जपून ठेवावी.

— ऊस विकास विभाग