दारू नव्हे, तरीही अल्कोहोल : किडनी बंद पाडणारं गोड विष

तुमच्या घरात दारूचा थेंबही येत नसेल, तरी हा लेख तुमच्यासाठी आहे.

विषारी अल्कोहोल म्हटलं की आपल्याला हातभट्टी आठवते. जून २०२४ मध्ये इथे तमिळनाडूत, कळ्ळकुरिचीला, मिथेनॉल मिसळलेल्या दारूने साठहून अधिक बळी घेतले. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक. मिथेनॉल डोळ्यांवर घाला घालतं. पण त्याचे दोन भाऊबंद थेट किडनी गाठतात : एथिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल. दोन्ही रंगहीन, दाटसर, चवीला गोड.

पहिलं गाडीच्या कूलंटमध्ये असतं. मी राहते त्या अंबत्तूरमध्ये वर्कशॉप पावलोपावली, आणि उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवय आपल्याकडे आहेच. कृपा करून ती मोडा! पोटात गेलेल्या या द्रवाचं यकृत आम्ल बनवतं. शेवटी तयार होणारं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचे बारीक स्फटिक किडनीच्या नळ्यांत अडकतात. बहुतेक मुतखडे याच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. इथे मात्र ते एकाच वेळी किडनीभर साचतात.

दुसरं विष औषधातून येतं. सिरपला लागणाऱ्या शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये भेसळ झाली, की ते बाटलीत शिरतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण किडनी निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. इतकं होऊनही २०२५ मध्ये चेन्नईशेजारच्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या सिरपमध्ये ते तब्बल ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं.

आईबाबा फसतात ते इथेच. सुरुवातीला फक्त उलट्या, पोटदुखी. आपण म्हणतो, सर्दीतापात पोट बिघडलं असेल. मग लघवी कमी होते. तापलेल्या मुलाची लघवी मोजतं कोण? पण मोजा. सिरप सुरू असताना मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, तर पुढचा डोस देऊ नका, त्याला लगेच दवाखान्यात न्या.

तिथे रक्तातलं आम्ल तपासतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. कूलंट किंवा मिथेनॉल पोटात गेलं असेल, तर यकृताचं काम थोपवणारं फोमेपिझोल देतात. ते नसेल तर चक्क मोजून इथेनॉल, म्हणजे दारूतलंच अल्कोहोल! यकृत आधी त्याच्या मागे लागतं आणि विषाचं आम्ल बनणं थांबतं. घरी हा प्रयोग करायचा नाही, हे सांगायला नकोच.

दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नये, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावलं आहे. पाचखालच्या मुलांनाही ते सहसा नकोच. मोठ्यांना दिलंत, तर रिकामी बाटली लगेच कचऱ्यात टाकू नका. मूल आजारी पडलं, तर बाटली सोबत न्या आणि लेबलावरचा बॅच नंबर डॉक्टरांना दाखवा. कोल्ड्रिफचा नंबर होता एसआर-१३.