टर्बो डिझेल इंजिन : मिनिटभराचा धीर

म्हैसूरच्या अग्रहारातून निघालेली डिझेल मोटार चामुंडी टेकडीचा वळणावळणाचा चढ चढून माथ्यावर पोहोचते. चालक तत्काळ किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. हीच घाई पुढे महागात पडते.

‘फियाट’चे १२४८ घनसेंमीचे मल्टिजेट हे अशा इंजिनांतील सुपरिचित नाव. २००३ मध्ये युरोपात अवतरलेले हे इंजिन पुढे पुण्याजवळील रांजणगावातही तयार होऊ लागले. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, लिनिया यांना त्यानेच गती दिली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि येथील नव्या मोटारींतून ते निवृत्त झाले. जुन्या मोटारी मात्र आजही धावत आहेत.

बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक आवर्तने घेते आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबते. या चक्राच्या आसाला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. तप्त इंजिन एकाएकी बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो, उरलेले तेल करपते आणि आस झिजू लागतो.

जुनी मोटार घेताना म्हणूनच धुराकडे पाहावे. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण. काळा धूर व मंदावलेली ओढ म्हणजे बहुधा काजळीने अडकलेली ईजीआर झडप किंवा फाटलेली हवेची नळी. थंड इंजिनाचा खडखडाट टायमिंग चेन सैल झाल्याचे सुचवतो.

वेळेवर तेलबदल आणि चढानंतर मिनिटभर संथ चालणारे इंजिन, एवढ्याने मोठा खर्च टळू शकतो. बचतीची सवय अशीही लावता येते!