आपले शेजारी धनगर

इतिहास म्हणजे राजे व लढाया असें विद्यार्थ्यांस पुष्कळदां वाटतें. परंतु ज्यांनीं आपला इतिहास कागदावर न लिहितां मुखानें जपला, असेही समाज जगांत आहेत. अमेरिकेंतील मेन प्रांतांत पेनोब्स्कॉट नांवाचे लोक त्याच नांवाच्या नदीच्या आश्रयानें राहतात. भूर्जसालीच्या होड्या व लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या यांविषयीं त्यांची ख्याति आहे. पण त्यांची भाषा मातृभाषा म्हणून अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ति सन १९९३ मध्यें निवर्तली. आतां ती भाषा ते कोशांच्या साह्यानें मोठ्या कष्टानें पुन्हां शिकत आहेत. असा मौखिक ठेवा पाहावयास समुद्रापार जाण्याचें कारण नाहीं. तो दरवर्षीं आपल्या कुंडलच्या शिवारांत चालून येतो.

कुंडल व आटपाडी हीं दोन्ही गांवें सन १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होतीं. परंतु पाण्याच्या बाबतींत दोहोंची स्थिति भिन्न. माण, खटाव, आटपाडी, जत हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. तेथील कुरणें सुकूं लागलीं कीं, दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे कृष्णाकांठाकडे व कांहीं कोंकणाकडे निघतात. घोड्यांवर भांडींकुंडीं, कोंबड्या व नुकतींच जन्मलेलीं कोंकरें. मागें बायकामुलें व कुत्रीं. पावसाळा आला कीं ते माघारीं वळतात.

ही भटकंती दिशाहीन नाहीं. कोणत्या गांवीं केव्हां पोहोंचावें, कोठें चारा व पाणी मिळेल, हें पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठरलेलें असतें. रात्रीं मोकळ्या शेतांत वाघर लावून मेंढरें बसवितात. लेंडी व मूत्र यांनीं जमीन कसदार होते, आणि गाडीनें खत वाहण्याचे श्रम वांचतात. मोबदला म्हणून शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे धनगर हा शेतकऱ्याचा आश्रित नसून भागीदार आहे.

मेंढरांची लोकर कातरून तिचें सूत काढतात व त्याची घोंगडी विणतात. ताण्यास चिंचोक्यांची खळ देतात, म्हणून तीस ताठपणा येतो. ऊन, थंडी व पाऊस या तिहींस ती उपयोगी पडते.

या समाजाचें मोठें दैवत बिरोबा. कवठेमहांकाळ तालुक्यांतील आरेवाडीचें बिरोबाचें बन व कोल्हापूर जिल्ह्यांतील पट्टणकोडोलीची यात्रा प्रसिद्ध आहेत. भंडाऱ्याची उधळण, ढोलांचा घुमारा व गजीनृत्याचा फेर यांनीं यात्रा रंगते. परंतु खरा खजिना म्हणजे ओव्या. गायक आरंभीं ‘सुंबरान’ मांडतो, म्हणजे देवाचें स्मरण करतो; मग देवाची कथा रात्रभर चालते. गुंथर सोनथायमर या जर्मन पंडितानें (मृत्यु १९९२) धनगरांत हिंडून या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांवर ग्रंथ लिहिले. इंदूरचें होळकर घराणें याच समाजांतलें, हेंही विसरतां कामा नये.

आज या जीवनक्रमावर संकट आहे. सन १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानें वाढलीं व चराई आखडली. अलीकडे उपसा जलसिंचनाचें पाणी आलें, ऊंस बारमाही उभा राहिला. शेतकऱ्यास सुबत्ता आली हें चांगलेंच. पण मेंढरांस मोकळें शेत मिळणें कठीण झालें. शिवाय वाड्याबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा बुडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरींत एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा भरवितो. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. मूल शाळेंत आलें तर ओवी मागें राहते, ओवीबरोबर राहिलें तर अक्षर मागें राहतें. दोन्ही साधणें हें आपल्या पिढीचें काम आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, यंदा गांवाबाहेर वाडा उतरेल तेव्हां नुसतीं मेंढरें मोजून परत फिरूं नका. वडीलधाऱ्यांसह तेथें जा, आजोबांना नम्रपणें नमस्कार करा, त्यांच्या ओव्या ऐका आणि त्यांची परवानगी असल्यास वहींत उतरून घ्या. पालकांनींही त्या मुलांस आपल्या मुलांच्या पंक्तीस बसवावें. पेनोब्स्कॉट लोकांस जें आज कोशांतून हुडकावें लागत आहे, तें आपल्या दारीं अद्याप जिवंत मुखांतून ऐकूं येतें. ती संधि आपण दवडूं नये.