रस्ते व सार्वजनिक जागांसाठी झाडांची निवड

माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावविले, असे सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नमूद करून ठेवले आहे. रस्त्याकडेला झाड लावणे हे लोकोपयोगी कार्य होय, ही भावना आपल्या देशात इतकी जुनी आहे. पुढे १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली आणि दर पावसाळ्यात गावोगावी व शहरोशहरी रोपे लावण्याचा परिपाठ पडला. तथापि लावलेली सर्व रोपे जगत नाहीत. आणि जी जगतात त्यांपैकी कित्येक झाडे ऐन भरात आल्यावर तोडावी लागतात. फांद्या विजेच्या तारांना लागतात, मुळे गटार फोडतात, भिंतीला तडे जातात, किंवा वादळात झाड उन्मळून माणसांच्या जिवावर बेतते. अशा वेळी दोष झाडाला दिला जातो. वस्तुतः दोष झाडाचा नसून निवडीचा असतो.

हा विषय केवळ नगरपालिकांचा आहे असे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजू नये. तालुक्याची व बाजाराची गावे झपाट्याने शहराचे रूप घेत आहेत. गावातील मुख्य रस्ता, एस. टी. थांबा, बाजारतळ, शाळेचे आवार, पाणवठा या जागांची गरज शहरातील चौकाहून फारशी निराळी नाही. शिवाय शहरात लागणारी रोपे बहुधा खेड्यांतील रोपवाटिकांतच तयार होतात. म्हणून कोणत्या जागी कोणते झाड लावावे, याचे ज्ञान उभयतांना असणे अगत्याचे आहे.

प्रथम जागा पाहावी

झाड निवडताना हातातील रोप पाहू नये. पन्नास वर्षांनंतरचे झाड डोळ्यांसमोर आणावे. हातभर उंचीचे वडाचे रोप आणि हातभर उंचीचे आपट्याचे रोप यांत आज काहीच फरक दिसत नाही. पन्नास वर्षांनी मात्र एकाखाली बाजार भरू शकतो, तर दुसरे घराच्या अंगणातही मावते. म्हणून खड्डा खणण्यापूर्वी पुढील तीन गोष्टींची पाहणी करावी.

वर काय आहे? विजेच्या किंवा दूरध्वनीच्या तारा, इमारतीचे सज्जे व दुकानांच्या पाट्या पाहाव्यात. खाली काय आहे? पाण्याचा नळ, गटार, केबल, मुरूम की काळी माती, हे जाणून घ्यावे. बाजूला काय आहे? भिंत, विहीर, वाहनांचा मार्ग, शेजारचे शेत यांचे अंतर मोजावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे झाडाचा आकार ठरतो. आकार ठरल्यावर पाऊस व जमीन यांवरून जात ठरते. फुलांची शोभा हा विचार सर्वांत शेवटी यावा. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी तोच प्रथम केला जातो.

आकारमानानुसार झाडे

मोठी झाडे : वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, चिंच, आंबा व वर्षावृक्ष या झाडांना विस्तीर्ण जागा हवी. बाजारतळ, मोठे मैदान, तलावाचा काठ, रुंद हमरस्ता येथेच ती लावावीत. दोन झाडांत १० ते १२ मीटर अंतर ठेवावे. वड, पिंपळ व उंबर यांची मुळे भिंतीच्या फटींत व गटारांत शिरतात. म्हणून इमारत, विहीर व नळ यांपासून ती पुरेशी दूर असावीत. मात्र मोकळ्या जागी यांच्यासारखी दुसरी झाडे नाहीत. पक्ष्यांना अन्न व थकल्या माणसाला गर्द सावली ती देतात. चिंच सावकाश वाढते, परंतु तिचे लाकूड चिवट व मुळे खोल असल्याने ती वाऱ्याला दाद देत नाही.

मध्यम झाडे : कडुनिंब, करंज, बकुळ, ताम्हण, पुत्रंजीव व बहावा ही झाडे साधारण रुंदीच्या रस्त्यांस योग्य होत. अंतर ६ ते ८ मीटर ठेवावे. कडुनिंब व करंज यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात व कडक उन्हाच्या सुमारास नवी पालवी फुटलेली असते. म्हणजे ज्या दिवसांत सावली हवी त्याच दिवसांत ती मिळते. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी राहते. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्यास ओल मानवते. बहावा एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्या घोसांनी लहडतो, परंतु त्याच सुमारास त्याची पाने झडलेली असतात. शोभेसाठी मधूनमधून बहावा लावावा; सावलीसाठी त्यावर विसंबू नये.

लहान झाडे : तारांखाली व अरुंद गल्लीत आपटा, कांचन, पारिजातक व देवचाफा लावावीत. अंतर ४ ते ५ मीटर पुरते. तारांखाली मोठे झाड लावून दरवर्षी त्याचा शेंडा छाटीत राहणे म्हणजे झाडाचे हाल व पैशाचा अपव्यय होय. वारंवार केलेल्या छाटणीच्या जखमांतून लाकूड कुजते व तेच झाड पुढे धोक्याचे ठरते.

पाऊस व जमीन

आपल्या राज्यात पाऊसमानात मोठी तफावत आहे. कोकणात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर अवर्षणप्रवण पट्ट्यात ५०० ते ७०० मिलिमीटरवर भागवावे लागते. एका ठिकाणी उत्तम वाढलेले झाड दुसऱ्या ठिकाणी तग धरीलच असे नाही.

अवर्षणप्रवण भागात व हलक्या, मुरमाड जमिनीत कडुनिंब, करंज, चिंच, शिरीष व आपटा ही झाडे भरवशाची होत. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत कडुनिंब लावू नये, कारण मुळाशी पाणी साचलेले त्यास सोसत नाही. तेथे करंज अधिक बरा. ओढ्याच्या व नाल्याच्या काठी अर्जुनसादडा, जांभूळ व करंज चांगले वाढतात आणि काठची माती धरून ठेवतात. समुद्रकिनाऱ्यालगत खारा वारा सोसणारी उंडी, करंज व पारोसा पिंपळ ही झाडे निवडावीत.

जपून लावावयाची झाडे

काही झाडे वाईट नसतात, पण त्यांची जागा चुकते. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याची फुले मनोहर असली तरी लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असल्याने पावसाळी वाऱ्यात तो मोडतो. उद्यानाच्या कोपऱ्यात तो शोभतो. वर्दळीच्या रस्त्यावर किंवा एस. टी. थांब्यावर नको. बुचाच्या झाडाचेही लाकूड असेच ठिसूळ असते.

नारळ व फणस ही घराच्या परसातील उपयुक्त झाडे. परंतु ज्या जागी माणसे बसतात वा वाहने उभी राहतात तेथे पडणारे फळ घातक ठरते. जांभळाचा सडा रस्त्यावर पडला म्हणजे तो निसरडा होतो. म्हणून जांभूळ शाळेच्या आवारात व पांदीच्या कडेने लावावे, डांबरी रस्त्यावर नव्हे. कण्हेर व बिट्टी यांस पाणी कमी लागते व गुरे त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून ती रस्त्याच्या दुभाजकात लावली जातात. ही दोन्ही विषारी आहेत. शाळा, अंगणवाडी व गुरांचा गोठा यांजवळ ती कदापि लावू नयेत.

सातवीण हे सह्याद्रीतील देखणे झाड. शरद ऋतूत त्याच्या फुलांचा उग्र दर्प सुटतो. एखाददुसरे झाड सुसह्य होते. वस्तीत त्याची रांगच्या रांग लावल्यास रहिवाशांची तक्रार येते. भराभर वाढते म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड अनेक शहरांनी लावले. पण त्याच्या उपद्रवामुळे गुजरात शासनाने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. जे झाड लवकर वाढते ते चांगलेच, अशी समजूत बाळगू नये.

एकाच जातीवर भिस्त नको

पिकांच्या बाबतीत जे शेतकऱ्यास ठाऊक आहे तेच झाडांनाही लागू पडते. सर्वत्र एकच वाण असेल तर एकच कीड सर्वांचा फडशा पाडते. मुंबईत विस्तीर्ण छत्रीसारख्या वर्षावृक्षांची संख्या मोठी होती. पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने त्यांपैकी बरीच झाडे वाळून गेली व कित्येक रस्ते उघडे पडले. याकरिता एका रस्त्यावर एक जात लावली तरी शेजारच्या रस्त्यावर दुसरी लावावी. गावाच्या एकूण लागवडीत निदान सात-आठ जाती असाव्यात.

रस्त्यालगतचे शेत

रस्त्याकडेच्या रोपांचा खरा राखणदार शेजारचा शेतकरीच होय. तोच नाराज असेल तर कोणतेही कुंपण रोपास वाचवू शकत नाही. झाडाच्या सावलीने पीक खुरटते व मुळे खत-पाणी ओढून घेतात, ही त्याची तक्रार रास्त आहे. तिचे निवारण लागवडीपूर्वीच करता येते.

रब्बी हंगामात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व दुपारची सावली उत्तरेस पडते. म्हणून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर मोठी झाडे दक्षिण बाजूस लावावीत. त्यांची सावली रस्त्यावर पडते व दक्षिणेकडील शेतास उपद्रव होत नाही. उत्तर बाजूस लहान झाडे लावावीत, म्हणजे तिकडच्या पिकावर फारशी सावली येत नाही. दक्षिणोत्तर रस्त्यावर एकच ओळ लावावयाची झाल्यास ती पश्चिम बाजूस असावी, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हात वाटसरूंना सावली मिळते. झाडांची ओळ व शेत यांच्या दरम्यान दोन ते तीन फूट खोल चर खणल्यास वरच्या थरातील मुळे शेतात शिरत नाहीत. हा चर दोन-तीन वर्षांनी पुन्हा साफ करावा.

रोप, खड्डा व निगा

सार्वजनिक जागी हातभर उंचीचे रोप टिकत नाही. ते शेळीच्या तोंडी किंवा पायदळी जाते. दोन वर्षे वाढविलेले, सहा ते आठ फूट उंचीचे व सरळ खोडाचे रोप घ्यावे. पिशवीत गोल फिरून गुंतलेली मुळे लावण्यापूर्वी कापून टाकावीत; ती तशीच राहिल्यास झाड कधीच घट्ट रोवले जात नाही आणि पुढे वादळात पडते.

रोपवाटिका करणाऱ्यांनी बियांचा स्वभाव ओळखावा. निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांतच नष्ट होऊ लागते. म्हणून ती गोळा करताच पेरावी. जांभळाचे बीही ताजेच लावावे. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असते. ते घासून व पाण्यात भिजवून मग पेरावे.

खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल असा एप्रिल-मे महिन्यांत खणून तापू द्यावा. वरच्या थरातील माती व दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत यांनी तो भरावा. पाऊस स्थिरावल्यावर, जमीन खोलवर भिजली म्हणजे रोप लावावे. आधाराला बांबू व भोवती काटेरी झुडपांचे कुंपण किंवा ट्री गार्ड द्यावे. किमान तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे पाणी घातल्यास मुळे वरच राहतात. आठवड्याने भरपूर दिल्यास ती खोल जातात. जितक्या रोपांस तीन उन्हाळे पाणी घालता येईल तितकीच रोपे लावावीत. हजार रोपे लावून पन्नास जगविण्यापेक्षा शंभर लावून नव्वद जगविणे केव्हाही श्रेयस्कर.

बुंध्याभोवती सिमेंट किंवा फरशी कधीही घालू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीसंबंधी दिलेल्या आदेशात झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढावयास सांगितले. गावात पारावर फरशी बसविताना हे ध्यानात ठेवावे.

जुन्या झाडांचे रक्षण

नवे झाड लावण्याच्या उत्साहात उभ्या झाडाचा विसर पडू नये. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ चा अधिनियम आहे व त्यानुसार वृक्ष प्राधिकरणे नेमली जातात. २०२१ सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्ष मानण्याची, तसेच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद झाली. परंतु साठ रोपे मिळून साठ वर्षांच्या एका वडाची सावली उद्या देऊ शकत नाहीत. रस्ता रुंद करताना प्रथम झाड वाचविण्याचा मार्ग शोधावा. पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या फांद्या जाणकारांकडून काढून घ्याव्यात व पोकळ झालेली खोडे तपासावीत.

सारांश, जागा मोजावी, तिच्यात मावणारे झाड निवडावे, जात पाऊस व मातीस मानवणारी असावी, आणि जगविता येतील तेवढीच रोपे लावावीत. येत्या उन्हाळ्यात खड्डे खणण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी गावातील रस्ते व मोकळ्या जागा यांचा साधा नकाशा काढावा, त्यात तारा, नळ व गटारे दाखवावीत, आणि लगतच्या शेतकऱ्यांसमवेत बसून प्रत्येक खड्ड्यासमोर झाडाचे नाव लिहावे. हे काम एका दिवसाचे आहे. त्याचे फळ पुढील दोन पिढ्या घेतील.